हाताचा थर्मामीटर

गायमुखचा घाट ओलांडून ट्रक वरसाव्याला थांबला, की जुना ड्रायव्हर चहाआधी गाडीखाली वाके. गिअरबॉक्स, मग डिफरन्शियल. दोन्हींजवळ हाताची पाठ नेई, तेलाचा वास घेई. वळणावर दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचं पेटंट फ्रान्सच्या ओनेझिफोर पेकर यांनी 1828 साली घेतलं, वाफेच्या गाडीसाठी. दात घासले की तेल तापतं, पातळ होतं. मग पोलाद पोलादाला भिडतं. दात तुटला, तर गाडी खाडीपुलावरच अडणार! डॅशबोर्डचा काटा मात्र इंजिनाचाच ताप सांगे. आज शर्यतीच्या अनेक गाड्यांत दोन्ही तेलांना वेगवेगळे सेन्सर असतात. पेटंटाला तारीख आहे. त्या पोळलेल्या हाताला नाही.