हार्गिटे, मारिश्का

हार्गिटे, मारिश्का मग्दोल्ना : (२३ जानेवारी १९६४ – ). अमेरिकन दूरचित्रवाणी अभिनेत्री, दिग्दर्शिका व निर्माती. एनबीसी वाहिनीवरील ‘लॉ अँड ऑर्डर : स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ (यापुढे ‘एसव्हीयू’) या गुन्हेविषयक मालिकेत १९९९पासून त्या ऑलिव्हिया बेन्सन या न्यूयॉर्क पोलिस अधिकाऱ्याची भूमिका करीत आहेत. त्यांचा उल्लेख आला की आधी वर्षांचा हिशेब मांडला जातो. पण नुसती वर्षे मोजायची तर अमेरिकेतल्या दुपारच्या कौटुंबिक मालिकांत एकेका भूमिकेत चाळीस-चाळीस वर्षे काढलेले नट आहेत. पोलिसी मालिकेतल्या नायकाने माग काढायचा, दम द्यायचा आणि शेवटच्या पाच मिनिटांत बेड्या ठोकायच्या, असा रिवाज होता. हार्गिटे यांनी तक्रारदार बाईचे बोलणे पूर्ण ऐकून घेण्याला नायिकेच्या मुख्य कामाचा दर्जा मिळवून दिला. त्यांची खरी कमाई ही आहे.

त्यांचा जन्म कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे झाला. आई जेन मॅन्सफील्ड ही १९५०च्या दशकातली गाजलेली चित्रपटतारका. मेरिलिन मन्‍रोला पर्याय म्हणून स्टुडिओने पुढे आणलेली, सोनेरी केसांची, छायाचित्रकारांना सदैव उपलब्ध असलेली. तिला व्हायोलिन आणि पियानो वाजवता येत असे, पण त्यात रस असलेले लोक थोडे होते. मारिश्का यांना वाढवणारे वडील मिकी हार्गिटे मूळचे बुडापेस्टचे, शरीरसौष्ठवपटू आणि १९५५चे ‘मिस्टर युनिव्हर्स’.

२९ जून १९६७च्या पहाटे मॅन्सफील्ड मिसिसिपीतील बिलॉक्सी येथला कार्यक्रम आटोपून न्यू ऑर्लिन्सला निघाली होती. डास मारण्यासाठी धूर सोडत जाणाऱ्या एका गाडीमुळे पुढच्या मालट्रकचा वेग कमी झाला होता. त्या धुरात मोटार ट्रकच्या मागच्या बाजूखाली घुसली. पुढच्या आसनावरची तिन्ही प्रौढ माणसे, मॅन्सफील्डसह, जागीच ठार झाली. मागे झोपलेली तीन मुले वाचली. त्यांतली सर्वांत लहान मारिश्का, वय साडेतीन वर्षे. मदतीला आलेल्यांनी दोन्ही मुलगे बाहेर काढले आणि तिथून निघालेही होते. त्यांतल्या धाकट्याला शुद्ध आल्यावर त्याने बहिणीबद्दल विचारले, तेव्हा आसनाखाली अडकलेली मुलगी सापडली. तिच्या डोक्यावर त्या जखमेची खूण राहिली. अपघाताची आठवण मात्र काहीच राहिली नाही. अमेरिकेत मालट्रकच्या मागे खाली जो आडवा लोखंडी दांडा बसवलेला असतो, त्याला आजही बोलीत ‘मॅन्सफील्ड बार’ म्हणतात.

पुढे मिकी आणि त्यांची पत्नी एलेन यांनी मुलांना वाढवले. मारिश्का लॉस अँजेलिसमधील मेरीमाउंट या कॅथलिक मुलींच्या शाळेत शिकल्या. १९८२मध्ये त्यांनी ‘मिस बेव्हर्ली हिल्स’ हा किताब मिळवला. नंतर लॉस अँजेलिसच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठात नाट्यशिक्षण घेतले. आईसारखी सौंदर्याच्या जोरावर चालणारी कारकीर्द आपल्याला नको, हे त्यांचे फार लवकर ठरले होते. त्यांचा मोकळा खर्जातला आवाज, साधा पोशाख आणि व्यायामाने कमावलेला बांधा पाहता हा निर्णय नुसता बोलण्यापुरता नव्हता.

पहिला चित्रपट ‘घूलीज’ (१९८५) हा स्वस्तातला भयपट होता. त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखे नाही. त्यानंतरची चौदा वर्षे उमेदवारीची. ‘डाउनटाउन’ (१९८६–८७) या पोलिसी मालिकेत त्या पॅरोलवर सुटलेली तरुणी होत्या. ‘फाल्कन क्रेस्ट’ या संपन्न द्राक्षबागायतदारांच्या कथेत १९८८मध्ये त्यांना काही काळ काम मिळाले. ‘टकीला अँड बोनेटी’ (१९९२) मध्ये त्या पोलिस झाल्या. या मालिकेतला नायकाचा जोडीदार कुत्रा होता आणि त्याच्या मनातले विचार प्रेक्षकांना ऐकू येत, यावरून मालिका एका हंगामात का आटोपली याचा अंदाज बांधता येतो. ‘साइनफेल्ड’च्या १९९३मधल्या एका भागात त्या मालिकेतल्या मालिकेसाठी चाचणी द्यायला आलेली नटी झाल्या. ‘प्रिन्स स्ट्रीट’ (१९९७) मध्ये पुन्हा पोलिस, आणि तीही मालिका लगेच बंद. १९९७–९८च्या हंगामात ‘ईआर’ या रुग्णालयावरच्या लोकप्रिय मालिकेत स्वागतकक्षातली गोंधळलेली सिंथिया हूपर त्यांनी रंगवली. तोपर्यंत चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला होता; नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

निर्माते डिक वुल्फ यांची मूळ ‘लॉ अँड ऑर्डर’ १९९०पासून चालू होती. तिचा आराखडा पक्का होता: अर्धा भाग पोलिसांचा, अर्धा सरकारी वकिलांचा. पात्रांच्या खासगी आयुष्याला जवळजवळ मज्जाव. १९८६मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये झालेल्या एका तरुणीच्या खुनाचा विषय वुल्फ यांच्या डोक्यात बरीच वर्षे घोळत होता. त्यातून केवळ लैंगिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पथकावर मालिका करण्याची कल्पना पुढे आली. तिचे आधीचे नाव ‘सेक्स क्राइम्स’ असे होते. ते बदलून पीडितांचा उल्लेख असलेले नाव घेतले गेले आणि मालिकेचा रोखही बदलला. ऑलिव्हिया बेन्सन आणि तिचा जोडीदार एलियट स्टेबलर ही नावे वुल्फ यांनी आपल्या मुलांवरून ठेवली होती. अखेरच्या चाचणीत हार्गिटे आणि क्रिस्टोफर मेलोनी यांना एकत्र वाचायला बसवले आणि निवडीचा प्रश्न तिथेच मिटला. पहिला भाग २० सप्टेंबर १९९९ रोजी दाखवला गेला.

पटकथेत ऑलिव्हियाचा जन्मच बलात्कारातून झालेला आहे. आई दारूच्या आहारी गेलेली. अशी पार्श्वभूमी दिली की सामान्य नटी दर दोन भागांआड डोळे भरून घेते. हार्गिटे यांनी सुरुवातीच्या हंगामांत ती जवळपास झाकून ठेवली. प्रवेशाची मांडणी बहुतेक वेळा साधी असे: रुग्णालयाची खोली, खाटेवर बसलेली बाई, खुर्ची थोडी पुढे ओढून बेन्सन तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येते, वही बाहेर काढायची घाई करत नाही. प्रश्न विचारून झाल्यावर त्या जो वेळ गप्प राहतात, तो दूरचित्रवाणीच्या मानाने लांबलेला असतो. शेजारी मेलोनी यांचा स्टेबलर भिंतीवर मुठी आपटत असे. त्या दोघांच्या स्वभावातल्या अंतरावर मालिकेची पहिली बारा वर्षे तरली.

त्यांच्या कामाचा नमुना दाखवायचा तर २००५मधला ‘९११’ हा भाग काढावा. बेन्सन संध्याकाळी बाहेर जाण्यासाठी नटून निघाली असताना पथकाकडे एका लहान मुलीचा फोन येतो. मुलगी सांगते की तिला एका खोलीत कोंडले आहे. फोनचा माग लागत नाही आणि सहकाऱ्यांना ही कोणाची तरी चेष्टा असावी असे वाटू लागते. जवळजवळ सगळा भाग हार्गिटे कानाला फोन लावून आहेत. समोर नट नाही, नुसता आवाज. मुलीशी बोलताना लाडीगोडीचा स्वर, हात फोनवर ठेवून सहकाऱ्यांना दिलेला हुकूम, आणि फोन तुटल्यावर एक क्षणभर पूर्ण रिकामा झालेला चेहरा, या तिन्हींमधली ये-जा त्या कुठेही टाका न दिसता करतात. शेवटी जमिनीत पुरलेली मुलगी सापडते आणि बेन्सन तिला श्वास देऊन जागी करते. या भागासाठी त्यांना २००६चे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे एमी पारितोषिक मिळाले. २००५मध्ये गोल्डन ग्लोब मिळालेच होते. एमीसाठी २००४ ते २०११ अशी सलग आठ वर्षे त्यांचे नामांकन झाले.

मेलोनी २०११मध्ये करार न जुळल्याने बाहेर पडले. जोडीतले एक माणूस गेले की अशा मालिका बहुधा वर्ष-दोन वर्षांत गुंडाळल्या जातात. इथे उलट घडले आणि सगळी मालिका बेन्सनभोवती फिरू लागली. २०१३मध्ये एका विकृत गुन्हेगाराने तिला चार दिवस ओलीस ठेवल्याची कथा आली. इतरांना धीर देणारी बाई आता स्वतः समुपदेशकासमोर बसली आणि बोलायला तयार होईना. हे प्रवेश हार्गिटे यांच्या एकंदर कामात वरच्या दर्जाचे आहेत, जरी मूळ अपहरणकथा भडकपणाकडे झुकलेली असली तरी. पुढे बेन्सन सार्जंट, लेफ्टनंट आणि कॅप्टन होत गेली, तिने मूल दत्तक घेतले. हार्गिटे स्वतः मालिकेच्या कार्यकारी निर्मात्या झाल्या, काही भागांचे दिग्दर्शनही त्यांनी केले. २०१९मध्ये एकविसावा हंगाम सुरू होताच ‘एसव्हीयू’ने ‘गनस्मोक’ आणि मूळ ‘लॉ अँड ऑर्डर’ यांचा वीस हंगामांचा विक्रम मोडला. एप्रिल २०२१मध्ये मेलोनी ‘ऑर्गनाइज्ड क्राइम’ या उपमालिकेतून परतले, तेव्हा दोघांच्या भेटीची बातमी खऱ्याखुऱ्या घटनेसारखी चर्चिली गेली. गायिका टेलर स्विफ्टने आपल्या मांजरीचे नाव ऑलिव्हिया बेन्सन ठेवले आहे, यावरून पात्राची घरोघरची ओळख लक्षात यावी.

मालिका सुरू झाल्यावर हार्गिटे यांना पत्रे येऊ लागली. चाहत्यांच्या पत्रांत सही मागितलेली असते. या पत्रांत लोक स्वतःवर झालेले अत्याचार लिहीत होते, अनेकदा आयुष्यात प्रथमच कोणाला तरी सांगत होते. एका नटीकडे अशी पत्रे यावीत यात अभिनयाची दाद जेवढी आहे, तेवढीच खऱ्या पोलिस ठाण्यांविषयीची तक्रार आहे. हार्गिटे यांनी अत्याचारग्रस्तांच्या समुपदेशनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि २००४मध्ये ‘जॉयफुल हार्ट फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. संस्थेचे आरंभीचे काम हवाई बेटांवरच्या उपचार-शिबिरांचे होते. पुढे तिने एक रुक्ष पण निर्णायक विषय हाती घेतला. बलात्कारानंतर रुग्णालयात तासन्‌तास तपासणी करून घेतलेले नमुने पोलिस गोदामांत न उघडता पडून राहत होते. २००९मध्ये डेट्रॉइट शहरातील एका गोदामात असे ११,०००हून अधिक संच आढळले. तपासणी झाल्यावर त्यांतून वारंवार गुन्हे करणारे शेकडो संशयित पुढे आले. या अनुशेषावर हार्गिटे यांनी निर्मिती केलेल्या ‘आय ॲम एव्हिडन्स’ (२०१७) या माहितीपटाला वृत्त व माहितीपट विभागातील एमी मिळाले.

या टप्प्यावर मालिकेवरचा एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. ‘एसव्हीयू’तले पोलिस पीडितेवर विश्वास ठेवतात, प्रयोगशाळेचा अहवाल जाहिरातींच्या मधल्या वेळात हातात पडतो, आणि खटला बहुधा उभा राहतो. २०२०मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर पोलिसी मालिकांची झाडाझडती सुरू झाली, तेव्हा सर्वांत प्रेमळ पोलिस म्हणून बेन्सनचेच नाव वारंवार पुढे आले: तिच्यामुळे खऱ्या यंत्रणेचे रूप उजळ दिसते, असे टीकाकारांचे म्हणणे. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. हार्गिटे यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, डेट्रॉइटच्या गोदामाकडे कॅमेरा वळवणारी व्यक्तीही त्याच मालिकेतून आली. पडद्यावरचा पोलिस आणि खरा पोलिस यांची सरमिसळ एकदा प्रत्यक्षातही दिसली: एप्रिल २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेत चित्रीकरण चालू असताना हरवलेली एक लहान मुलगी कमरेचा बिल्ला पाहून त्यांच्याकडे गेली. त्यांनी चित्रीकरण थांबवून तिची आई शोधून दिली.

त्यांचा विवाह २८ ऑगस्ट २००४ रोजी अभिनेते पीटर हर्मन यांच्याशी झाला. हर्मन मालिकेत बचावपक्षाचे वकील होते आणि ओळखही सेटवरचीच. त्यांना २००६मध्ये मुलगा झाला व २०११मध्ये त्यांनी दोन मुले दत्तक घेतली. २०१३मध्ये हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर हार्गिटे यांच्या नावाचा तारा आईच्या ताऱ्याजवळ बसवला गेला.

जानेवारी २०२४मध्ये ‘पीपल’ साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी तिशीत असताना एका मित्रानेच आपल्यावर बलात्कार केल्याचे जाहीर केले. जे घडले त्याला बलात्कार हे नाव द्यायला आपल्याला फार वर्षे लागली, असे त्यांनी त्यात नमूद केले. हजारो स्त्रियांना जे नाव देण्याचे धैर्य पडद्यावरची बेन्सन देत होती, तेच हे नाव. या लेखानंतर मालिकेचे जुने भाग पुन्हा पाहणाऱ्याला त्यांच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ वेगळा वाटू शकेल. पण त्यावरून अभिनयाची व्याख्या करू नये, ते कसब आधीपासूनचे होते.

दुसरे, कुटुंबातले मौन त्यांनी ‘माय मॉम जेन’ या स्वतः दिग्दर्शित केलेल्या माहितीपटात मोडले. तो मे २०२५मध्ये कान महोत्सवात आणि पुढच्या महिन्यात एचबीओवर दाखवला गेला. वयाच्या पंचविशीत एका छायाचित्रावरून त्यांना कळले होते की आपले जन्मदाते मिकी नसून लास वेगासच्या रंगमंचावरचे कलावंत नेल्सन सार्डेली आहेत. मिकींना विचारले तेव्हा त्यांनी ते साफ नाकारले. वाढवणाऱ्या बापाचा मान राखण्यासाठी मुलीने ही गोष्ट तीस वर्षांहून अधिक काळ उघड केली नाही. मिकी तर २००६मध्येच वारले होते. माहितीपटात हार्गिटे भावंडांसमोर बसतात आणि आईबद्दल विचारतात. तिची एकही आठवण आपल्यापाशी नाही, हे सांगून त्या पुढे काही बोलत नाहीत. बोलतात ती भावंडे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या गोदामातल्या आईच्या वस्तू त्या एकेक करून बाहेर काढतात. दिग्दर्शिका म्हणून त्यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा माहितीपट. ‘एसव्हीयू’चा सत्ताविसावा हंगाम सप्टेंबर २०२५मध्ये सुरू झाला.