परळ, १९५२: न जुळणारं रक्त

गेल्या आठवड्यात ऑफिसात रक्तदान शिबिर झालं. चहा, बिस्किटं आणि एक कार्ड मिळालं. कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह'. शेजारच्या खुर्चीवरचा मित्र म्हणाला, "तुझं काय बाबा, तुझं रक्त कुणालाही चालतं!" (पॉझिटिव्ह असल्यामुळे ते तितकंसं खरं नाही, पण असो.) मीही कॉलर ताठ करून घरी आलो आणि सवयीप्रमाणे वाचत बसलो. तेव्हा कळलं की काही माणसांना कुणाचंच 'ओ' रक्त चालत नाही, आणि हे जगाला पहिल्यांदा कळलं ते आपल्या परळात, के.ई.एम.मध्ये. रोज लोकलने परळवरून जातो, पण पत्ता नव्हता.

थोडं मागे जाऊ. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनरने रक्तगट जाहीर केले: ए, बी आणि सी. या 'सी'चाच पुढे 'ओ' झाला. तपासणी साधी. रक्तपेशींवर ए-विरोधी द्रव घाला, मग बी-विरोधी द्रव घाला. कशानेच गुठळ्या झाल्या नाहीत तर लिहा 'ओ'. म्हणजे बघा, 'ओ' हे काही सापडल्याचं नाव नाही, काही न सापडल्याचं आहे. आम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या भाषेत शेवटचा 'एल्स'. आणि 'एल्स'मध्ये काय काय येऊन पडतं ते प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावरच कळतं!

के.ई.एम.मध्ये तसंच झालं. एक रेल्वे अपघातातला जखमी, एक सुरीच्या वाराने जखमी. दोघांनाही रक्त हवं होतं. तपासणी म्हणाली 'ओ'. पण रक्त देण्याआधी रुग्णाचा सीरम आणि दात्याच्या पेशी एकत्र करून बघतात, म्हणजे क्रॉसमॅच करतात, तेव्हा 'ओ' दात्यांच्या पेशींच्याही गुठळ्या व्हायला लागल्या. अशा वेळी सोपं काय असतं? नळी नीट धुतली नसेल, द्रव जुना असेल म्हणून पुढे जायचं. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी तसं केलं नाही. गुठळी खरी आहे, आपलं लेबलच चुकत असेल, असं त्यांनी धरलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या जाणकारांचीही मदत घेतली. १९५२ च्या मे महिन्यात 'लॅन्सेट'मध्ये या सातजणांचा छोटासा लेख आला. एकमेकांशी नातं नसलेली तीन माणसं, एक रक्तगट. शीर्षकात 'नवा' हा शब्द चक्क अवतरणचिन्हांत आहे. तो जपूनपणा मला फार आवडला.

भानगड काय होती? असं समजा, प्रत्येक पेशीवर 'एच' नावाचं जोतं असतं. त्यावर ए किंवा बीचा मजला चढतो. नुसतं जोतं म्हणजे 'ओ'. या माणसांकडे जोतंच नाही. त्यामुळे त्यांचं शरीर 'एच'लाच शत्रू समजतं, आणि 'एच' तर 'ओ' रक्तावर सगळ्यात जास्त! सगळ्यात निर्धोक समजलेली बाटली त्यांच्यासाठी जीवघेणी.

यात आणखी एक गुंता आहे. ए किंवा बीचा नकाशा, म्हणजे जनुक, त्यांच्याकडे असू शकतो, फक्त जोतं नसल्याने मजला चढत नाही. तो नकाशा मुलाला मिळतो, जोतं दुसऱ्या पालकाकडून येतं, आणि मजला उभा राहतो. १९५५ मध्ये अमेरिकेत लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी असंच एक कुटुंब नोंदवलं: आई तपासणीत 'ओ', मुलगी 'एबी'. शाळेतल्या तक्त्याप्रमाणे हे अशक्य. अशा वेळी घरात कुणाकडे बोट दाखवलं जातं ते सांगायला नको. तक्ता अपुरा असतो आणि शिक्षा माणसाला होते.

युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्याचा. मुंबईत १९७४ च्या भाटिया आणि साठे यांच्या पाहणीत साधारण ७,६०० माणसांत एक निघाला. म्हणजे भरलेल्या दोन-तीन लोकलमध्ये एखादा असेल, आणि त्याच्या खिशातल्या कार्डावर कदाचित नुसतं 'ओ' असेल.

शहराचं नाव १९९५ मध्ये मुंबई झालं, २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. रक्तगट मात्र अजून 'बॉम्बे'च.

तेव्हा मंडळी, एक लक्षात ठेवा. नात्यातल्या कुणाला 'ओ' असूनही रक्त जुळत नाही असं पेढीतून कळलं, तर त्यांच्यावर चिडू नका. 'बॉम्बे' गट तपासलात का, एवढं विचारा. आणि तो निघालाच, तर सख्ख्या भावंडांना आधी बोलवा. त्यांच्यात सापडण्याची शक्यता साधारण चारात एक असते. ७,६०० पेक्षा बरीच बरी.

मी माझं कार्ड पाकिटात ठेवलंय. कॉलर मात्र खाली केलीय.