शस्त्रक्रियेनंतरची विश्रांति

अंग बाहेर येणें हा स्त्रियांचा विकार फार जुना. परंतु लज्जेपायीं तो मुकाट्यानें सोसला गेला. प्राचीन ग्रीस देशांत आधारास अर्धें डाळिंब बसवीत, किंवा रुग्णेस शिडीस उलटी बांधून हालवीत. १८८८ सालीं मँचेस्टर येथें आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनीं शस्त्रक्रियेची नवी रीत सुरू केली. गोमंतकांत जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं पुढें मुंबईंत तींत सुधारणा केली.

पूर्वीं शस्त्रक्रियेनंतर रुग्णेस आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. त्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचें भय वाढे. शिकागोच्या एमिल रीस यांनीं १८९९ सालींच लवकर उठविण्याचा पुरस्कार केला. परंतु ती चाल रूढ झाली दुसऱ्या महायुद्धांत, खाटा अपुऱ्या पडल्या तेव्हां!

आज रुग्णा बहुधा दुसऱ्या दिवशींच चालूं लागते, आणि येथेंच घरच्यांची फसगत होते. चालतां आलें म्हणजे आंतील जखम भरली, असें नव्हे. सुमारें सहा आठवडे तिनें भरलेली घागर वा मूल उचलूं नये, कुंथूं नये. टांका शल्यवैद्य घालतो; तो टिकविणें घरच्यांच्या हातीं असतें.