स्वतःला धाडलेला सांगावा

१९८८ सालची धनत्रयोदशी मला चांगली आठवते. कचेरीतली मंडळी फराळाच्या ओढीने केव्हाच घरी पळाली होती. मी मात्र गणकयंत्रापुढे बोनसची यादी करीत बसलो होतो. एक रक्कम चुकीची दिसली म्हणून काम थांबवण्याची कळ दाबली. पडदा हलेना. घाईघाईत पुन्हा दाबली, आणि प्रोग्रॅम जागच्या जागी गतप्राण झाला! यादी अर्धीच लिहिलेली राहिली. वास्तविक, ‘थांब म्हटले की हातातले नीट आवरून मगच थांब’ असे मीच त्याला पढवून ठेवले होते.

मग हे घडले कसे? त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

ते यंत्र युनिक्सवर चाले. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ही प्रणाली रचावयास घेतली. चालू प्रोग्रॅमला तिच्यात ‘प्रक्रिया’ म्हणतात, आणि प्रक्रियेला धाडावयाचा सांगावा म्हणजे ‘संकेत’. संकेत म्हणजे नुसता एक आकडा. थांबवण्याची कळ दाबली की दोन क्रमांकाचा संकेत जातो. तो प्रक्रियेने झेलावा, दुर्लक्षावा, नाहीतर मुकाट्याने मरावे. नऊ क्रमांकाचा मात्र ना झेलता येतो, ना टाळता येतो, यमदूतच तो!

जुन्या युनिक्समध्ये एक खोच होती. संकेत एकदा झेलला की झेलण्याची सूचना आपोआप रद्द होई. ती पुन्हा द्यावी लागे. मी ती दिली नव्हती. दिली असती तरी, ती देण्यापूर्वीच्या क्षणार्धात दुसरा संकेत आला तर मरण ठरलेलेच. बर्कलीच्या मंडळींनी १९८३ साली ही खोच काढली: सूचना टिकून राहू लागली आणि एक संकेत हाताळत असताना तोच पुन्हा आला तर तो थोपवून धरला जाऊ लागला. १९८८ साली ‘पॉझिक्स’ या मानकानेही ही रीत उचलली. आमच्या यंत्रापर्यंत ती पोचलीच नव्हती.

त्या रात्री मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. पहिला संकेत मिळताच पुढच्यांकडे कान बंद करावे, यादी मिटावी, आणि मग? नुसते थांबले तर ज्याने हे काम सोपवले त्या जनक-प्रक्रियेला वाटावे, काम आपसूक संपले. म्हणून जाणत्यांची रीत अशी, की आवरासावर झाल्यावर संकेताचा मूळ अर्थ परत आणावा आणि तोच संकेत स्वतःलाच धाडावा. गंमत म्हणजे ज्या आज्ञेने तो धाडतात तिचे नाव ‘किल’! अशा रीतीने मेले म्हणजे मृत्यूचे खरे कारण जनकाला कळते.

मध्यरात्री यादी पुरी झाली. मुद्दाम कळ दोनदा दाबून पाहिली. एकही नाव गळले नाही. घरी पोचलो तेव्हा मुले झोपली होती आणि आकाशकंदील तेवढा जागा होता.