मोजणी कोणी ठेवायची?

आजचा विषय कर्नेल. माझ्या मिशांकडे पाहून गैरसमज नको. हा पलटणीतला कर्नल नव्हे, लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा.

या गाभ्याला मशीन चालू असतानाच नवा तुकडा जोडता येतो आणि काम झाले की काढताही येतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. जोडणे त्यामानाने सोपे, धोका काढताना. एखादा प्रोसेसर तो कोड चालवत असताना त्याची मेमरी मोकळी केली, तर सगळे मशीनच कोसळू शकते. म्हणून मोजणी ठेवायची: वापरणारा आला की एक वाढवा, गेला की एक कमी करा, शून्य असेल तरच काढा.

जुन्या आवृत्त्यांत ही मोजणी मॉड्यूल स्वतःच करायचे. मेख इथेच होती. माघार घेताना पूल उडवायचा असतो, तेव्हा कोण कोण पलीकडे गेले याचा हिशेब काठावरचा पहारा ठेवतो. पुलाच्या मध्यावर पोचलेल्या जवानाने तिथून स्वतःची नोंद करायची म्हटले, तर नोंदीआधीच्या चार पावलांचे काय? आणि 'मी गेलो' असे लिहून उतरेपर्यंतच्या चार पावलांचे? तेवढ्यात सुरुंग उडाला तर! कर्नेलवर एकच मोठे कुलूप असायचे, तोवर हे बरेचसे निभावले. अनेक प्रोसेसर खरोखर एकाच वेळी आत शिरू लागले, तशी ती पावले महागात पडू लागली.

जानेवारी 2001 मध्ये आलेल्या 2.4 आवृत्तीत पहारा काठावर येऊ लागला. मॉड्यूलने फक्त आपली मालकी सांगायची, मोजणी कर्नेल ठेवणार. मग नोव्हेंबर 2002 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी ही सारी यंत्रणा नव्याने लिहिली. आता आत जाण्याआधी परवानगी मागायची आणि काढणे सुरू झाले असेल तर नकार ऐकायचा. माझ्या मते खरा शोध या नकाराचा आहे. नुसती मोजणी कोणीही करेल. प्रत्येक प्रोसेसरचा आकडा वेगळा असे, त्यामुळे बेरीज खरी यावी म्हणून काढताना सगळे प्रोसेसर क्षणभर थांबवावे लागत. 2014 मध्ये मासामी हिरामात्सु यांनी तेही टाळले: आकडा एकच, सुरुवात एकपासून. काढताना तो एक वजा करायचा. शून्य झाला तर दार बंद, नाहीतर एक परत मिळवायचा.

मॉड्यूल सक्तीने उपटायची सोय आजही ठेवता येते. ती वापरली, की कर्नेल स्वतःवर डाग लागल्याची नोंद करते, आणि पुढे मशीन पडले तर तपासणारा आधी तो डाग पाहतो.