लहनासिंहाची जर्सी

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा जून १९१५ मध्ये ‘सरस्वती’ मासिकात आली. तेव्हा पहिले महायुद्ध पेटलेले होते आणि पंजाबचे शीख शिपाई फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत लढत होते.

कथा सुरू होते अमृतसरच्या बाजारात. मामाचे केस धुण्यासाठी दही घ्यायला आलेला बारा वर्षांचा मुलगा आणि स्वयंपाकासाठी वड्या न्यायला आलेली आठ वर्षांची मुलगी एका दुकानात भेटतात. पुढे तिची सोयरीक झाल्याचे कळताच तो घरी जाताना एका पोराला गटारात ढकलतो. प्रेमाचा याहून स्पष्ट उच्चार कथेत नाही, आणि तेच तिचे बळ आहे.

पंचवीस वर्षांनी तो जमादार लहनासिंह असतो, ती सुभेदारीण. नवऱ्याला आणि मुलाला सांभाळ, असे ती पदर पसरून विनवते. पुढे खंदकातल्या कडाक्याच्या थंडीत लहनासिंह तिच्या आजारी मुलाला, बोधासिंहाला, अंगावरची जर्सी घालतो. आपल्याकडे दुसरी आहे, असे खोटेच सांगतो. चकमकीनंतर बरगडीतली जखम लपवून बापलेकांना गाडीतून रवाना करतो.

वर्तमानपत्राच्या यादीत त्याची नोंद जखमांनी मरण पावलेला जमादार एवढीच होते.