इमारतीचा बाहेरचा लोखंडी जिना गंजलाय? बदलण्याआधी हे वाचा

6 नोव्हेंबर 2021 ला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्णांचा जीव गेला. ‘फायर ऑडिट’ हा शब्द तेव्हापासून जिल्ह्यात सगळ्यांना माहीत झाला. पण आपण राहतो त्या इमारतीचं काय? अनेक ठिकाणी मागच्या बाजूचा लोखंडी जिना कुंड्या, जुन्या सायकली आणि कपडे वाळत घालण्याच्या कामी येतो. पायरी हलायला लागली की मग चर्चा सुरू होते: दुरुस्त करायचा, बदलायचा की सरळ काढूनच टाकायचा?

जिना नेमका कुणाचा?

तो एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीला चिकटलेला असला तरी त्या फ्लॅटवाल्याचा नसतो. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 मध्ये सामाईक भागांची व्याख्या आहे. त्यात जिन्यांसोबत आगीच्या वेळी सुटकेसाठी असलेल्या जिन्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसारही जिन्यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. म्हणजे ‘आम्ही तळमजल्यावर राहतो, आमचा काय संबंध’ हा सर्वसाधारण सभेतला नेहमीचा मुद्दा इथे चालत नाही. आणि ‘आमच्या दारात येतो म्हणून आम्हीच कापून टाकला’ हेही नाही.

पैसा आधी दुरुस्ती निधीतून बघावा. मोठं काम असेल तर सिंकिंग फंड आहे, पण त्यासाठी आर्किटेक्टचा दाखला आणि सभेची मंजुरी लागते.

होता तसाच बनवून घेतला तर?

खरी चूक इथेच होते. फॅब्रिकेटरला बोलावून ‘सेम टू सेम’ सांगणं सोपं असतं, पण जुना जिना नियमात बसतच होता याची खात्री काय? मुंबईतल्या जुन्या इमारतींमागचे गोल लोखंडी जिने मुळात सफाई कामगारांच्या ये-जा करण्यासाठी होते, आगीसाठी नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार गोल जिना कमी उंचीच्या, मोजकी माणसं असलेल्या इमारतीतच चालतो. बाहेरचा जिना 45 अंशांपेक्षा जास्त चढा नको, तो थेट जमिनीपर्यंत उतरायला हवा आणि त्याचं दार आतल्या जिन्यापासून लांब हवं. दोन्ही दारं शेजारी असली तर एकाच धुराने दोन्ही बंद होतात.

लोखंडाचीही एक अडचण आहे. साधारण 550 अंश सेल्सिअसला पोलाद आपली जवळपास निम्मी ताकद गमावतं. त्यामुळे संहिता उघड्या, असंरक्षित पोलादी जिन्याला सुटकेचा मार्ग मानत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशा आणि महापालिकेच्या (लहान गावात नगरपालिकेच्या) नगररचना व अग्निशमन विभागाची परवानगी घ्यावी. कुठला जिना चालेल हे तिथेच ठरतं.

काम सुरू झाल्यावर

अहिल्यानगर पर्जन्यछायेत येतं, कोकणासारखा गंज इथे चढत नाही. इथला गंज बहुतेकदा एसीच्या पाइपमधून टपकणाऱ्या पाण्याचा किंवा बाथरूमच्या गळतीचा असतो. गळती तशीच ठेवून नवा जिना लावला तर तोही सडणार. रंगाखाली पायथ्याची प्लेट आणि भिंतीतले बोल्ट तपासावेत. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आजूबाजूचं काँक्रीट फोडतं. गॅल्व्हनाइज्ड जिना घेतला तर वेल्डिंग आधी, झिंकचा थर नंतर. साइटवर पुन्हा वेल्डिंग केलं की तिथला थर जळतो.

जुना जिना कापायच्या दिवशी आतला जिना पूर्ण मोकळा हवा. तिथे लावलेल्या दुचाकी आदल्या रात्रीच हलवाव्यात, कारण त्या दिवसांत बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते. वेल्डिंगच्या ठिणग्या खालच्या बाल्कनीतल्या कपड्यांवर पडतात, म्हणून पाण्याच्या बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवून एक माणूस तिथे उभा करावा.

नवा जिना बसला की लगेच कुणीतरी चोरांच्या भीतीने त्याच्या दाराला कुलूप घालतं. आतून किल्लीशिवाय उघडेल अशी कडी लावली तर दोन्ही भागतं. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, तो लागू असलेल्या इमारतींना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तपासणीला माणूस आला की त्याला हे दारही उघडून दाखवावं.